येते हं

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तास्केन्याचं बसस्थानक आहे. आकापुल्कोच्या गाड्या तिथून सुटतात. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी मान वर न करता विचारते, "सेन्सियो ओ रेदोंदो?" साधं की गोल? आपण ज्याला जाऊन-येऊन म्हणतो, त्याला इथे गोल प्रवास म्हणतात. २०१८च्या फेब्रुवारीत याच खिडकीशी उभी राहून मी "सेन्सियो" म्हटलं होतं. परत कधी यायचं ते ठरलं नव्हतं, यायचं आहे की नाही तेही धड कळत नव्हतं. या खेपेला, ३० ऑक्टोबर २०२४च्या सकाळी, मी "रेदोंदो" म्हटलं आणि उगाचच हसले. मुलीनं मान वर केली. तिकीट घेताना हसणारी बाई तिला रोज भेटत नसावी.

पिशवीत चकलीचा डबा होता आणि वहीच्या पानांत जपून ठेवलेला आईचा फोटो.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर आहे. बस पाचेक तासांत ती सगळी उंची उतरते. कुएर्नावाका मागे पडलं की खिडकीची काच कोमट लागते. मग निवडुंगांचे उभे खांब, मेस्काला नदीवरचा उंच पूल, चिल्पानसिंगो, आणि त्यानंतर घाट. घाट उतरताना कोकणातल्या माणसाच्या नाकाला काहीतरी आधी कळतं आणि डोळ्यांना नंतर. हवा जड होते, केस चिकट होतात, आणि कुठल्यातरी वळणावर एकदम निळं दिसतं. ताम्हिणी उतरताना आई म्हणायची, "आला गं बाई आपला घाम." त्या दिवशी बसमध्ये मी ते मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या आजोबांना वाटलं, मला बस लागली आहे. त्यांनी लगेच पिशवी पुढे केली.

२०१८मध्ये मी कंपनीच्या कामावर मेक्सिको सिटीत होते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्री दिवेआगरहून भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. विमानांची गणितं मांडून पाहिली. कशीही मांडली तरी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार होतं. "धावपळ करू नकोस, मी सगळं करतोय," असं भाऊच म्हणाला. मग मी एकटीच त्या दोन कोटी माणसांच्या शहरात बसून राहिले. डोंगरांनी वेढलेली ती वाटी, कोरडी पातळ हवा. माझ्या आईचा आणि या हवेचा काही संबंधच नव्हता. सातव्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं, "इथून सर्वांत जवळचा समुद्र कुठला?" तो म्हणाला, "आकापुल्को. राजधानीतली माणसं पूर्वीपासून तिथेच जातात."

जुन्या गावात, सोकालोच्या चौकापासून केब्रादाच्या कड्याकडे चढत जाणाऱ्या एका गल्लीत मला खोली मिळाली. मालकीणबाई साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. वर दोन खोल्या भाड्यानं देत, खाली स्वयंपाकघर आणि ओटी. पहिल्या संध्याकाळी त्यांनी नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "या कोमिस्ते, मिहा?" जेवलीस का, पोरी? परक्या भाषेतला हा एक प्रश्न मी मराठीतच ऐकला आणि जिन्यावर बसून रडले. बाई शेजारी बसल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

मग हळूहळू सांगितलं. आमच्याकडे दहावा दिवस असतो, समुद्राकाठी भात ठेवतात, कावळा शिवला की माणूस तृप्त होऊन गेलं असं समजतात. भाऊ तिकडे सगळं करणार आहे. माझ्या हातून काही व्हायलाच हवं असं नाही, पण. त्या 'पण'पाशी मी थांबले. बाई बोटं मोजत होत्या. त्यांच्याकडे नोवेनारियो असतो, नऊ दिवसांची प्रार्थना, नवव्या दिवशी शेवट. "तुमच्याकडच्यांना एक दिवस जास्त लागतो तर," त्या म्हणाल्या. "लांबचे आहात ना."

दहाव्या दिवशी पहाटे त्यांच्याच पातेल्यात मी भात शिजवला. त्यांनी एक शीत चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ विसरलीस." मी म्हटलं, या भाताला मीठ नसतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते काही पटलं नाही. कालेताच्या लहानशा पुळणीवर आम्ही दोघी गेलो. समोर रोकेता बेट, होड्या अजून ओढून ठेवलेल्या. केळीच्या पानावर भात ठेवला. कावळा मात्र कुठेच नव्हता. त्या किनाऱ्यावर असतो तो सानाते. काळाभोर, चकचकीत, लांब शेपटीचा, पिवळ्या डोळ्यांचा आणि भयंकर आगाऊ. तो भिंतीवर बसून आमच्याकडे पाहत होता. मी हात जोडून मनातल्या मनात आईला काय-काय कबूल करत होते, एवढ्यात तो आला, भाताचा घास उचलला आणि गेला. चपला हातात धरून बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघ, त्याला मीठ लागलं नाही."

त्यानंतर मी तिथे आणखी नऊ दिवस राहिले. दुःखातल्या माणसाला रिकामी दुपार फार मोठी असते. बाईंनी मला सान दिएगो किल्ल्यात धाडलं. "जा, सावली आहे आणि जाड भिंती आहेत." पाच कोनांचा किल्ला. १६१५मध्ये डच जहाजं बंदरात घुसली, तेव्हा गावाला जाग आली आणि १६१७पर्यंत तो बांधून झाला. पुढे १७७६च्या भूकंपानं पाडला आणि पुन्हा उभा राहिला. आतलं संग्रहालय पाहताना मला कळलं, की हे गाव आपल्या अगदीच परकं नाही.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना मेक्सिकोहून फिलिपिन्सला जाता येत होतं. पाठीवर वारा घेऊन जहाजं पश्चिमेला जात. अडचण होती ती परत येण्याची. एकामागून एक मोहिमा गेल्या. आलेल्या वाटेनं परतू पाहणाऱ्यांना समोरच्या वाऱ्यानं मागे लोटलं. १५६५मध्ये आंद्रेस दे उर्दानेता नावाच्या साधूनं, जो आधी खलाशी होता, वेगळा विचार केला. घरी यायचं तर सरळ घराकडे जायचं नाही. आधी उत्तरेला, पार जपानच्या अक्षांशांपर्यंत चढायचं, तिथे उलटा वाहणारा वारा पकडायचा, कॅलिफोर्नियाचा किनारा गाठायचा आणि मग खाली उतरायचं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याचं जहाज आकापुल्कोच्या उपसागरात शिरलं. स्पॅनिशमध्ये या वाटेला शब्द आहे, तोर्नाबियाहे. परतीचा प्रवास. तो सापडला म्हणून आकापुल्को सापडलं. पुढची अडीचशे वर्षं, १८१५पर्यंत, मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये गलबतं ये-जा करत राहिली. जायला तीनेक महिने लागत, यायला चार ते सहा.

मी त्या नकाशापुढे बराच वेळ उभी होते. नकाशावर परतीची रेघ केवढी लांब, केवढी वाकडी होती! घरी पोचायला उशीर झालेल्या कुणाच्याही मनाला ती रेघ ओळखीची वाटावी.

गलबतांतून रेशीम यायचं, चिनी मातीची भांडी, मसाले आणि आपल्याकडचं सुती कापड. इथून चांदी जायची. पण मला माझं सापडलं ते पेट्यांबाहेर, बाजारात. पुळणीवर झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवाला इथे पालापा म्हणतात. हा शब्द फिलिपिन्सहून आला आहे. त्याखाली बसून वर पाहिलं की आपला झापांचा मांडव दिसतो. पिवळ्या, बारीक कोयीच्या आंब्याचं नावच 'मनिला'. हातगाडीवर साखर, मीठ, तिखट लावलेल्या चिंचेच्या गोळ्या. चिंचेला नाव तामारिंदो, म्हणजे मुळात अरबी 'तम्र हिंदी', हिंदचा खजूर. आपल्या नावानिशी आलेली ही चिंच इथे कुणाला परकी वाटत नाही. जेवताना समोर येणारं लालभडक आंबट सरबत हमाइकाचं. दोन दिवस पिऊन तिसऱ्या दिवशी वाळलेली बोंडं पाहिली, तेव्हा उमगलं, ही तर आपली लाल अंबाडी! बदल्यात तिकडून इकडे काय आलं, हे सांगू लागले तर आपलं अंगणच उपसावं लागेल. मिरची, मका, पपई, सीताफळ, निशिगंध, देवचाफा. घोलवडचा चिकू तर इथल्या चिकोसापोतेचं आखूड केलेलं नाव घेऊन नांदतो आहे. आणि झेंडू. आपल्या दसऱ्याचा झेंडूसुद्धा इथलाच.

पण त्याच गलबतांतून माणसंही आली, आणि ती स्वखुशीनं आली नव्हती. आशियातून आणलेल्या गुलामांना, ते कुठलेही असोत, इथे सरसकट 'चिनो' म्हणत. त्यांत एक मुलगी होती. हिंदुस्थानात मोगली मुलखात जन्मलेली, पोर्तुगीज चाच्यांनी पळवलेली, कोचीनला बाप्तिस्मा दिलेली, मनिलाला विकलेली. तिची हकिगत अशी सांगतात. १६२०च्या आसपास ती आकापुल्कोला उतरली आणि प्युएब्ला शहरात एका घरात गेली. कातारिना दे सान हुआन हे तिचं नवं नाव. पुढे लोक तिला संत मानू लागले. १६८८मध्ये ती तिथेच वारली. मेक्सिकोच्या 'चिना पोब्लाना' या प्रसिद्ध पोशाखाशी लोकांनी तिचं नाव जोडलं, ते खरं धरलं जात नाही. पण ती होती, हे खरं. उर्दानेतानं शोधलेली परतीची वाट तिच्यासाठी मात्र एकेरी होती.

आपल्याकडचा आणखी एक माणूस मला त्या दिवसांत सोबत देत होता, तो वर्ध्याचा. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद केलेले. मेक्सिकोत ते शेतीचे प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं. राजधानीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिवेरानं भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्यांची पंगत रंगवली आहे. तिच्यात मधोमध खानखोजे आहेत. मी राजधानीत असताना ते चित्र अनेकदा पाहिलं होतं. आकापुल्कोत बाईंच्या घरापासून चढण चढून गेलं की एका बंगल्याची बाहेरची भिंत लागते. तिच्यावर फरशीच्या तुकड्यांचा, शिंपल्यांचा प्रचंड पिसारी नाग आहे. रिवेरानं आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, १९५६-५७मध्ये, या घरात राहून तो केला. ज्या हातानं वर्ध्याच्या माणसाला भाकरीपाशी बसवलं, त्याच हातानं लावलेले हे शिंपले. मी एका शिंपल्याला बोट लावून आले. खानखोजे देश स्वतंत्र झाल्यावरच परतू शकले. १९६७मध्ये नागपुरात गेले. चार दशकांच्या वर लांबलेला तोर्नाबियाहे.

निघायच्या दिवशी बाईंनी आईचा एक फोटो मागितला. पाकिटात पासपोर्टच्या आकाराचा होता, तो दिला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरोघर मृतांसाठी ओफ्रेंदा मांडतात. त्यात ठेवीन, म्हणाल्या. मी पायऱ्या उतरताना सवयीनं म्हटलं, "येते हं." बाई दचकल्या. "काय म्हणालीस? बेते?" स्पॅनिशमध्ये 'बेते' म्हणजे 'चालती हो'. मला हसू आवरेना. समजावून सांगितलं, आमच्या भाषेत निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ असतं. 'येते' म्हणायचं असतं. बाईंनी कमरेवर हात ठेवून विचार केला. "म्हणजे जाणारीनं म्हणायचं मी येते, आणि आम्हाला ऐकू येणार चालती हो. ठीक आहे. शब्द दिला आहेस."

शब्द दिला आणि मोडला. २०१९ला मी पुण्याला परतले. मग करोना आला. ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ आमच्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं. आमची वाडी रोठा सुपारीची आणि नारळाची. सुपारीचं झाड उंच आणि सडपातळ, एकमेकांच्या आधारानं उभं. एक पडलं की रांग पडते. आजोबांच्या हातची झाडं एका दुपारी काड्यापेटीतल्या काड्यांसारखी विस्कटली. वडील, म्हणजे अण्णा, घरगुती खानावळ चालवायचे, दोन खोल्या पर्यटकांना द्यायचे. कौलं गेली, तेही थांबलं.

पुढचे सहा महिने माणसं येत होती. पाहायला येत होती. हळहळत, फोटो काढत, "फार सोसलंत हो" म्हणत. अण्णा सगळ्यांना चहा देत आणि दिवसेंदिवस गप्प होत जात. डिसेंबरात डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर आले. दर वर्षी येणारे. पडक्या वाडीकडे एकदा पाहिलं, काही बोलले नाहीत. खोली घेतली, अंघोळीला गरम पाणी मागितलं, पानावर बसले. दुसरा घास घेऊन म्हणाले, "अण्णा, आमटीत मीठ कमी पडलंय हो." अण्णा तटकन उठले, मिठाची वाटी आणली, वर सोलकढीही वाढली. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी ते हिशेबाची वही काढून बसले. शीळ घालत होते. हळहळ करणाऱ्या माणसापुढे आपण पडलेले असतो. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मात्र आपण यजमान असतो. मास्तर दर वर्षी यायचे तसेच त्या वर्षीही आले होते. वेगळं त्यांनी काहीच केलं नाही, आणि म्हणूनच अण्णांना घर परत मिळालं.

२५ ऑक्टोबर २०२३ला आकापुल्कोवर ओटिस आलं. आदल्या सकाळी ते साधंसं उष्णकटिबंधीय वादळ होतं. कोमट समुद्रावर दिवसभरात फुगून मध्यरात्रीनंतर ते किनाऱ्याला लागलं, तेव्हा पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं झालं होतं. वारा ताशी सुमारे २६० किलोमीटर. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यानं नोंदींच्या काळात एवढं वादळ अंगावर घेतलं नव्हतं. सावध व्हायला लोकांना काही तासच मिळाले. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यांत होड्या वाचवायला होड्यांवरच थांबलेले खलाशीही होते. मी पुण्यात बसून बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. एक खूण उमटली, दुसरी उमटेना. वीज नाही, टॉवर नाहीत. अकराव्या दिवशी दुसरी खूण उमटली आणि खाली फोटो आला. बिनछपराचं स्वयंपाकघर, चुलीवर पातेलं, आणि दोन शब्द : "आकी सेगिमोस." आहोत इथेच.

मी पैसे पाठवू का विचारलं. उत्तर आलं नाही. आठवड्यानं आलं ते असं : "वरची खोली मार्चपर्यंत होईल. पहिला दर होता तोच."

मार्चला जमलं नाही. जमलं ते पुढच्या ऑक्टोबरअखेर. त्याच्या महिनाभर आधी जॉन वादळानं कित्येक दिवस पाऊस ओतून शहर पुन्हा बुडवलं होतं. स्थानकाबाहेर निळी-पांढरी बोचो उभी होती, जुनी फोक्सवॅगन बीटल. इथे अजून ती टॅक्सी म्हणून धावते. इंजिन मागे, सामान पुढे, आणि आवाज भाताच्या गिरणीचा. कोस्तेरा या समुद्राकाठच्या रस्त्यानं जाताना काही हॉटेलं झगमगत होती. काहींच्या अंगावर अजून एकही काच नव्हती, आणि खोल्यांमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. भिंतींवर पुराच्या गाळाची रेघ होती. पुळणीवर मुलं किल्ला करत होती आणि त्यांच्या मागून बंदुका घेतलेले जवान वाळूतून चालले होते. या गावाचं दुखणं एकट्या वादळाचं नाही, टोळ्यांचंही आहे, आणि तेही पुष्कळ जुनं. ओटिसनं डोंगरांची पानंनपानं ओरबाडली होती, ते उघडेबोडके डोंगर मी फोटोंत पाहिले होते. आता ते हिरवे होते. मोडक्या बुंध्यांना झुपके फुटून आलेले, जरा हास्यास्पद, टक्कल पडल्यावर आलेल्या केसांसारखे.

आकापुल्को हे नाव नावात्ल भाषेतलं. 'आकात्ल' म्हणजे बोरू, वेत. बोरू जिथे मोडले ती जागा, असा एक अर्थ लावतात. पुरात कोण वाहून जातं आणि कोण वाकून राहतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पायऱ्यांवर बाई उभ्या होत्या. बारीक झाल्या होत्या. वर नवा पत्रा. मी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, शुद्ध स्पॅनिशमध्ये, तुम्ही फार सोसलंत अशा अर्थाची. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या कोमिस्ते?" वाक्यं तिथेच गळाली.

दुसरा दिवस गुरुवारचा. गेरेरो राज्यात गुरुवारी पोसोले खातात, आणि तेही हिरवं. तिकडे दिवेआगरला त्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे मी सुटीच्या दिवशीसारखी लोळत होते, तर खालून मक्याचा वास आला. टपोऱ्या पांढऱ्या मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, म्हणजे साल सुटते आणि दाणा फुलतो. सुपारीच्या घरातल्या माझ्यासारखीला चुना ठाऊक तो पानाला लावायचा, डबीतला. इथे तो अन्नाचा पाया आहे. त्यात कोंबडी, भोपळ्याच्या वाटलेल्या बिया, हिरव्या आंबट तोमातियोचं वाटण. वरून कांदा, ओरेगानो, मिरची, लिंबू. बाईंनी मोठा वाडगा भरला, समोर ठेवला आणि स्वतः न जेवता पुढ्यात बसल्या. शेजारणीही दारात टेकल्या होत्या. मी घास घेतला. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. 'वा, केवढं छान' असं म्हणण्याच्या मी अगदी बेतात होते. पण मास्तर आठवले. आणि खरं म्हणजे ते होतंच तसं.

"सेन्योरा," मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

क्षणभर काही हललं नाही. मग बाई हसल्या. आधी पोटातून, मग खांद्यांतून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ऐकलंत का," त्या शेजारणींना म्हणाल्या, "बिनमिठाचा भात शिजवणारी मला मीठ शिकवते आहे!" मिठाचं भांडं टेबलावर दणकन आलं.

रात्री ओफ्रेंदा मांडली. मेजावर पायऱ्या केल्या, कागदाची कातरकामाची तोरणं लावली, कोपालच्या धुपाचा वास पसरला. आणि झेंडू, घमेलीच्या घमेली. इथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात. बाई पाकळ्या सुट्या करून उंबऱ्यापासून मेजापर्यंत वाट घालत होत्या. मृतांना घर सापडावं म्हणून. झेंडूचा रंग दिसतो आणि वास ओळखता येतो, ते चुकत नाहीत. १ नोव्हेंबरला लहान मुलं येतात, २ला मोठी माणसं. शेजारी बसून मीही पाकळ्या खुडल्या. आमच्याकडे याच फुलांचं तोरण उद्या लक्ष्मीसाठी दाराला लागेल, हे सांगितलं. बाईंना त्यात नवल वाटलं नाही. "येणाऱ्याला वाट दाखवायची, एवढंच फुलाला कळतं. कोण येतंय ते त्याला काय ठाऊक?"

मग मी वहीतून आईचा फोटो काढला. बाई ओशाळल्या. आधीचा ओटिसनं नेला होता. त्यांच्या नवऱ्याचा, आईवडिलांचा, सगळ्यांचेच नेले होते. वादळानंतर आठ दिवसांनीच तर ओफ्रेंदा होती. फळी नव्हती, फुलं नव्हती. मदतीत आलेल्या पाण्याच्या बाटल्यांचं खोकं उपडं घातलं, त्यावर एक मेणबत्ती. "फोटो नव्हते, म्हणून नावं मोठ्यानं घेतली. तुझ्या आईचं नाव काही माझ्या जिभेला वळत नाही. मग म्हटलं, बिनमिठाच्या भाताची सेन्योरा. आणि मूठभर भात ठेवला."

"मीठ घातलं होतं?"

"घातलं होतं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मी तिला तुझ्या म्हणण्याप्रमाणे आळणी वाढलं. त्या वर्षी म्हटलं, पुरे. वादळ झालंय, नीट खाऊ दे बाईला."

मी काही बोलले नाही. मेजावर पाण्याचा पेला होता, मिठाची बशी होती, पाव होता. आईचा फोटो बाईंच्या सासूबाईंच्या नव्या, धूसर फोटोशेजारी टेकवला. दोघी एकमेकींकडे जरा संशयानं पाहत असल्यासारख्या दिसल्या. चकलीचा डबा उघडून दोन चकल्या ठेवल्या. पहाटे पाहिलं तर एक कमी होती. बाई म्हणाल्या, आपल्याला काही माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी केब्रादाच्या कड्याशी गेले. १९३४पासून इथले उडीवाले सुमारे पस्तीस मीटर उंचीवरून खालच्या अरुंद घळीत झेपावतात. वर एक छोटं देऊळ आहे, ग्वादालुपेच्या माउलीचं. तिथे ते हात जोडतात आणि मग कड्यावर थांबून राहतात. घळीत पाणी उथळ. लाट आत येते तेवढ्यापुरतीच खोली वाढते. म्हणून ते लाट पाहत उभे असतात, एक सोडतात, दुसरी सोडतात. तो तरणा मुलगा बराच वेळ उभा राहिला. मग हात पसरले आणि गेला. पाण्याचा आवाज वर यायला एक श्वास लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पैसे दिले, दुसऱ्या खेळाचंही तिकीट काढलं. गिऱ्हाइकानं करायचं ते केलं.

रविवारी निघताना बाईंनी खोलीचं बिल मांडलं. मी नोटा दिल्या, त्यांनी थुंकी लावून मोजल्या आणि वीस पेसो परत केले. मी ते घेतले. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. चिंचेच्या गोळ्यांची पुडी मात्र त्यांनी पिशवीत कोंबली. तिचे पैसे घेतले नाहीत, कारण ती मला नव्हती, अण्णांना होती.

टॅक्सीचं इंजिन गिरणीसारखं घरघरू लागलं. मी खिडकी खाली केली. काही म्हणायच्या आत बाईंनीच हात उंचावला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "बेते, मिहा! बेते!"

ड्रायव्हर चमकून आरशात पाहू लागला, ही म्हातारी पाहुणीला हाकलते आहे की काय. मी त्याला म्हटलं, चला. मला नीट ऐकू आलं होतं.